मार्लेश्वरचं गार पाणी, तुरळचं गरम पाणी

देवरुखहून सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत दोन गोष्टी पाहून होतात. एक म्हणजे मार्लेश्वरच्या डोंगरातून कोसळणारा धारेश्वर धबधबा आणि दुसरी म्हणजे मुंबई-गोवा महामार्गालगतची तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं. दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातच. बहुतेक लोक सकाळी मार्लेश्वराचं दर्शन घेतात, परतताना कुंडावर हातपाय शेकतात आणि घरी जातात. धबधबा निसर्गाचा आणि गरम पाणी देवाचं किंवा गंधकाचं, असा हिशोब मनात असतो. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कुणाला वाटत नाही.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. कड्यावरून उडी मारणारं पाणी आणि कुंडातून वाफाळत येणारं पाणी ही एकाच पावसाची दोन रूपं आहेत. पाण्याला या दोन वाटा करून दिल्या त्या जमिनीच्या एकाच मोठ्या मोडतोडीने. हे कळल्यावर ही छोटी सहल वेगळीच वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी धबधबा. देवरुखपासून मारळ गाव साधारण अठरा किलोमीटर. रस्ता शेवटी सरळ सह्याद्रीच्या अंगावर जातो. गाडी खाली लावायची आणि पाचशेच्या वर पायऱ्या चढायच्या. मार्लेश्वराचं स्थान डोंगरातल्या गुहेत आहे, आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात दर्शन होतं. मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांचा विवाहसोहळा होतो, तेव्हा सगळा परिसर माणसांनी भरतो. एरवी पायऱ्यांवर आवाज असतो तो पाण्याचा. गुहेच्या बाजूलाच दरीच्या टोकाशी धारेश्वर कोसळतो.

तिथे थांबून धबधब्याऐवजी क्षणभर कड्याकडे बघा. सह्याद्रीचा कुठलाही उघडा कडा नीट पाहिला तर त्यात आडवे पट्टे दिसतात. हा बसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आज शिल्लक आहे तेवढाच भाग पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो.

हे सगळे थर एकसारखे नसतात. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट आणि टणक बनतो. वरचा भाग लवकर थंड होतो आणि लाव्हातले वायूचे बुडबुडे त्यातच अडकतात, म्हणून तो सच्छिद्र राहतो. पुढे त्या छिद्रांत पांढरी खनिजं भरतात. घाटातल्या दगडांवर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल तर दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीसारखा पट्टाही सापडतो. टणक थर झिजायला वेळ लागतो, सच्छिद्र आणि तांबडा भाग चटकन झिजतो. वाहत्या पाण्याने खालचा मऊ भाग पोखरला की वरचा टणक थर अधांतरी राहतो, कधीतरी त्याचा तुकडा निखळतो आणि कडा पुन्हा उभाच्या उभा होतो. धबधबा टिकतो तो यामुळे. दगड वरपासून खालपर्यंत एकाच ताकदीचा असता, तर पाण्याने केव्हाच त्याचा उतार करून टाकला असता.

पाऊस थांबल्यावरही बरेच आठवडे कड्याच्या अंगावरून पाण्याच्या धारा का उतरत असतात, तेही यातूनच कळतं. वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, आणि जंगलात पडलेलं पाणी भेगांमधून खाली झिरपतं, टणक थर लागला की अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी येऊन पाझरतं. हे ओळखायचं कसं? कड्याच्या मध्यावर जिथे हिरव्यागार शेवाळाची आडवी ओळ दिसते, तिथे बहुतेक वेळा दोन थरांचा सांधा असतो. कडा कोरडा आणि सांधा ओला. मला धबधब्याच्या मुख्य धारेपेक्षा ही ओळ शोधण्यात जास्त आनंद मिळतो.

पण मुळात हा कडा इथे आला कसा? पठार पूर्वेला हळूहळू उतरत जातं आणि पश्चिमेला एकदम तुटतं. यामागची गोष्ट समुद्राची आहे. त्या काळी आजचा सेशेल्स बेटांचा भूभाग भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला होता. साधारण 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे लाव्हाचा जोर ओसरल्यानंतर भूशास्त्राच्या हिशोबाने थोड्याच काळात, तो तुटून दूर जाऊ लागला. जमीन ताणली गेली. ती ताणली जाताना किनाऱ्याला समांतर, म्हणजे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण, अशा लांब भेगा पडल्या, काही पट्टे खाली खचले आणि पठाराला पश्चिमेकडे एक उभी कड मिळाली. सुरुवातीला ही कड आजच्या किनाऱ्याच्या जवळपास होती आणि पाऊस, नद्या, धबधबे यांनी झिजवत झिजवत ती पूर्वेला मागे सरकवली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आज आपण ज्याला सह्याद्री म्हणतो तो कोटी-कोटी वर्षं मागे हटत आलेला एक कडा आहे. धारेश्वरसारखे धबधबे त्या कामावर आजही आहेत.

खचलेल्या, भेगाळलेल्या त्या पट्टीवर कोकण वसलं आहे. त्या भेगा आता आपल्याला गरम पाण्याकडे नेतील.

मार्लेश्वराहून देवरुखमार्गे संगमेश्वरला उतरा आणि महामार्गाने चिपळूणच्या दिशेला साधारण दहा किलोमीटर जा, तुरळ येतं. सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तुरळचं कुंड रस्त्याला अगदी लागून आहे. राजवाडीचं थोडं आत, सोमेश्वराच्या जुन्या देवळाच्या परिसरात. आणखी उत्तरेला आरवलीतही गड नदीच्या काठाशी गरम पाणी आहे. तुरळच्या पाण्याचं तापमान साठ अंश सेल्सिअसच्या आसपास, राजवाडीचं पन्नासच्या पुढे, आरवलीचं चाळिशीतलं. दापोलीकडचं उन्हवरे तर सत्तर अंशांपर्यंत जातं.

कोकणात असे गरम झरे एका ओळीत आहेत. वरती पालघर जिल्ह्यातून सुरुवात करा; मग तानसा नदीकाठची गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी, रायगडात पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, मग उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरजवळचं उन्हाळे. नकाशावर ठिपके मांडले तर तीनशेहून जास्त किलोमीटर लांबीची, किनाऱ्याला आणि सह्याद्रीला समांतर अशी एक माळ तयार होते. झरे कुठेही विखुरलेले असते तर गोष्ट निराळी. ते ओळीत आहेत, कारण खालच्या भेगा त्या दिशेने गेल्या आहेत.

आता सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न: खाली ज्वालामुखी आहे का? नाही. दख्खनचा लाव्हा निवून सहा कोटी वर्षं उलटली. एवढ्या काळात त्याची सगळी ऊब केव्हाच निघून गेली. आइसलँड किंवा जपानमध्ये गरम झऱ्यांखाली तप्त शिलारस जवळ असतो, तशी परिस्थिती कोकणात नाही.

दुसरं उत्तर घरोघरी ऐकू येतं: खाली गंधक आहे, त्याने पाणी तापतं. हेही बरोबर नाही. काही झऱ्यांना सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि त्यात गंधक असतं एवढं खरं. पण तो वायू पाण्यात विरघळलेला असतो, पाणी तापवत नाही. गरम पाणी खडकातली खनिजं जास्त विरघळवतं, त्यामुळे असा वास गरम झऱ्यांपाशी जास्त जाणवतो. वासामुळे उष्णता नाही, उष्णतेमुळे वास आहे.

मग उष्णता आली कुठून? जमिनीतूनच, आणि अगदी साध्या रीतीने. पृथ्वी आतून गरम आहे. काही उष्णता तिच्या जन्मापासूनची, काही खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होणारी. त्यामुळे जगात कुठेही खोल जात राहिलं की तापमान वाढतं; सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी. हिशोब करून बघा. तुरळला वर पाणी साठ अंशांचं, कोकणातल्या जमिनीचं सरासरी तापमान सत्तावीस अंश धरलं तर तेहतीस अंशांची भर पडली. म्हणजे पाणी किमान एक-सव्वा किलोमीटर खाली जाऊन आलं असलं पाहिजे.

खरं तर त्याहून खोल. वर येताना पाणी थोडं निवतं, शिवाय वरच्या गार भूजलात मिसळतं. खाली ते किती तापलं होतं हे शोधायची एक छान युक्ती आहे. खडकातली सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, गरम पाण्यात जास्त विरघळते. पाणी भेगेतून झपाट्याने वर आलं तर निवतं, पण विरघळलेली सिलिका तेवढ्या लवकर बाहेर टाकत नाही. त्यामुळे कुंडातल्या पाण्यात किती सिलिका आहे हे मोजलं की खालच्या तापमानाचा अंदाज येतो. कोकणातल्या झऱ्यांवर अशा चाचण्या झाल्या आहेत आणि तळातलं तापमान शंभर अंशांच्या वर असल्याचे अंदाज त्यातून आले आहेत. शंभर अंश म्हणजे मघाच्याच हिशोबाने जवळपास तीन किलोमीटर खोली.

एवढ्या खोल पाणी जातं, हे ऐकून अविश्वास वाटणं स्वाभाविक आहे. पण खाली काय आहे याचा थोडाफार पुरावा घाटाच्या पलीकडे, कोयनेत मिळाला आहे. तिथल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या प्रकल्पात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत बसॉल्टचे थर लागले आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक. तुरळच्या खालची रचना तंतोतंत तशीच असेल असं नाही, पण काळ्या पाषाणाखाली जुना, तडकलेला खडक आहे आणि भेग पुरेशी खोल असेल तर पाणी त्यातही उतरतं.

पाणी खाली गेलं हे ठीक. पण तापलेलं पाणी पंपाशिवाय वर कसं येतं? आपल्या घरातला जुना तांब्याचा बंब आठवा. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. गार ओतणं थांबलं की गरम येणं थांबतं. कोकणाचा बंब असाच चालतो. सह्याद्रीच्या अंगावर आणि आसपासच्या उंच भागात पाऊस पडतो, त्यातला थोडासा हिस्सा भेगांत शिरतो. वर उंचावर साठलेल्या पाण्याचा दाब खालच्या पाण्याला ढकलतो. शिवाय पाणी तापलं की हलकं होतं. हजार लिटर पाणी शंभर अंशांना, साध्या तापमानापेक्षा सुमारे चाळीस किलोंनी हलकं असतं. मागून दाब आणि स्वतःचं हलकेपण, या दोन्हींच्या जोरावर ते जिथे सोपी वाट मिळेल तिथून वर येतं. सोपी वाट म्हणजे सरळ उभी भेग, आणि तिचं तोंड सखल जागी, बहुतेकदा नदीच्या खोऱ्यात. म्हणूनच गरम झरे डोंगरमाथ्यावर सापडत नाहीत, नदीकाठी सापडतात.

हे पावसाचंच पाणी आहे हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड-हलके प्रकार असतात, आणि पावसाच्या पाण्यात त्यांचं एकमेकांशी ठरावीक नातं असतं. समुद्राच्या पाण्यात किंवा खोल शिलारसातून सुटलेल्या पाण्यात ते नातं वेगळं दिसतं. तुरळ-राजवाडीच्या पाण्याची या पद्धतीने तपासणी झाली आहे आणि ते पावसाच्या पाण्याशी जुळतं.

धबधब्याच्या पाण्याला सड्यावरून खालच्या डोहात कोसळायला फार तर काही तास लागतात. भेगेत शिरलेल्या पाण्याचा प्रवास वर्षानुवर्षांचा. तुरळच्या कुंडात हात घालाल ते पाणी यंदाच्या पावसाचं नव्हे.

कुंडापाशी गेलात की घाई करू नका, काठावर बसून पाणी बघा. तळातून मधूनमधून बुडबुड्यांच्या साखळ्या वर येतात आणि पाहणारे म्हणतात, पाणी उकळतंय. साठ अंशांना पाणी उकळत नाही. ते बुडबुडे वायूचे आहेत आणि त्यातला बहुतांश वायू नायट्रोजन असतो, आपल्याच हवेतला. पाऊस पडताना पाण्यात हवा विरघळते. तिच्यातला ऑक्सिजन खाली खडकांशी होणाऱ्या क्रियांत संपतो, नायट्रोजन कशाशी सहज जुळत नाही म्हणून तसाच उरतो आणि वर आल्यावर दाब कमी होताच सुटतो. त्यात थोडासा हेलियमही असतो. तो मात्र हवेतला नाही; जमिनीखालच्या जुन्या खडकात युरेनियम आणि थोरियम विघटित होताना तयार झालेला. एका बुडबुड्यात आभाळातला वायू आणि पाताळातला वायू एकत्र. मला तरी यापेक्षा मोठा चमत्कार माहीत नाही.

कुंडाच्या दगडी काठावर पाण्याच्या पातळीला पांढुरका खरखरीत थर असतो, तोही बोटाने चाचपून बघा. पाणी निवताना आणि सुकताना मागे राहिलेली ती खनिजं आहेत.

आता आंघोळीबद्दल, आणि इथे जरा निक्षून सांगायला हवं. साठ अंशांचं पाणी अंगावर पाचेक सेकंद राहिलं तरी गंभीर भाजू शकतं. मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. उगमाच्या कुंडात थेट उतरायचं नाही, मुलांना काठावर एकटं सोडायचं नाही. आंघोळीसाठी निवलेलं पाणी घ्यायचं, आधी कोपर बुडवून बघायचं. चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी अंगाला पुरेसं गरम असतं, आणि त्यातही दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नये. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, एकदम उठलं की भोवळ येते. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, तर पाय शेकण्यावर भागवा. आखडलेले सांधे आणि दुखरे स्नायू गरम पाण्याने मोकळे होतात, हा अनुभव खरा आहे. त्वचेचे सगळे रोग बरे होतात, हा दावा खरा धरून औषध बंद करू नका, आणि उघडी जखम किंवा चिघळलेला नायटा घेऊन सामायिक पाण्यात उतरू नका.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कोमट गोड्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, जो नाकावाटे शिरला तर मेंदूपर्यंत पोचतो. असा आजार अत्यंत विरळा, पण जवळजवळ नेहमी जिवावर बेततो. उपाय सोपा आहे: गरम कुंडाच्या पाण्यात डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. हे पाणी पिऊही नये. खोल खडकांतून आलेल्या गरम पाण्यात फ्लोराइडसारखे क्षार जास्त असू शकतात.

जायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये धारेश्वर सर्वात मोठा असतो, पण धुक्यात बऱ्याचदा दिसतच नाही, पायऱ्या शेवाळलेल्या आणि पाण्याला प्रचंड ओढ. धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात उतरण्याचा मोह तेव्हा तर अजिबात नको. वर सड्यावर पडलेल्या सरीचा लोंढा खाली यायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात धार बारीक होते. माझ्या मते नवरात्रापासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम: धबधब्यात पाणी असतं, कडा उघडा पडलेला असतो, त्याचे थर वाचता येतात. आणि गरम कुंडाशेजारी बसायला हवाही बरी असते.

क्रम मात्र बदलू नका. आधी मार्लेश्वर, मग तुरळ. गरम पाण्यातून निघून पाचशे पायऱ्या चढणं पायांना झेपत नाही. उलट, चढउतार करून आलेल्या पोटऱ्यांना कुंडाचं पाणी बरं वाटतं. सोबत प्यायचं पाणी ठेवा, घाम दोन्हीकडे निघतो. साबण, शाम्पू कुंडात नको. लोक कपडेही धुतात, ते पाहून जीव तुटतो. वेळ उरलाच तर परतताना कसबा संगमेश्वरला कर्णेश्वराचं देऊळ बघा. ते आपल्या याच काळ्या पाषाणात बांधलं आहे.

संगमेश्वर लांब पडत असेल तर अशीच जोडी राजापुरातही आहे. धूतपापेश्वराच्या देवळाला लागून पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि राजापूर गावापासून दोनेक किलोमीटरवर उन्हाळे इथलं कुंड आहे, बेचाळीस अंशांच्या आसपासचं, म्हणजे थेट अंगावर घेण्याजोगं. दोन्ही इतक्या जवळ आहेत की अर्धा दिवससुद्धा लागत नाही. त्या उन्हाळे गावाजवळच राजापूरची प्रसिद्ध गंगा आहे, जी कधी येते, कधी जाते. पण ती भूमिगत पाण्याची निराळीच करामत आहे, तिच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.